मधुमेहात पायाची जखम चिघळते तेव्हा: पहिल्या ओरखड्यापासून जखम भरून येईपर्यंत

वडिलांच्या चपलेच्या तळातून, बरोबर करंगळीच्या मुळाशी येईल अशा जागी, एक खिळा वर आला होता. ती चपल घालून ते दिवसभर हिंडले. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले ते आईला. वडिलांना पत्ताच नव्हता. "अगं, दुखत नाहीये काही," म्हणाले, पाय धुतला, पट्टी लावली आणि झोपले. आम्हीही निर्धास्त झालो. पाचव्या दिवशी पाऊल सुजलं, नवव्या दिवशी ते ऑपरेशनच्या टेबलावर होते. करंगळी आणि तिच्यामागचं थोडं हाड गेलं. पाय वाचला.

त्यानंतरची अकरा वर्षं त्या पायाची रोजची देखभाल मी करत आले आहे. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका, शल्यचिकित्सक, पायाचे तज्ज्ञ, या सगळ्यांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. यातलं काहीही डॉक्टरांच्या जागी वापरायचं नाही. डॉक्टरांकडे वेळेवर पोचता यावं म्हणून वापरायचं आहे. आमचे ते पाच दिवस वाया गेले, कारण "दुखत नाही" हे वाक्य आम्हाला दिलासा वाटलं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम आहे आणि ती दुखत नाही, ही धोक्याची खूण आहे, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी हे समजून घ्या: पायाच्या आत काय बिघडलेलं असतं

रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांब नसांना आधी इजा होते, आणि शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून सुरुवात तिथूनच. मुंग्या येतात, तळवे जळजळतात, रात्री ठणका लागतो आणि हळूहळू बधिरपणा येतो. काहींना मुंग्याही येत नाहीत. पाय थेट मुका होतो.

पण बिघाड फक्त संवेदनेच्या नसांत नसतो. पावलातल्या लहान स्नायूंना चालवणाऱ्या नसा कमजोर झाल्या की बोटं पंज्यासारखी आत वळतात आणि चवड्याखालची हाडं खाली दाबली जातात. प्रत्येक पावलागणिक त्याच जागी दाब पडतो. त्वचा बचावासाठी जाड होते, घट्टा पडतो. हा घट्टा म्हणजे बुटात अडकलेला खडाच समजा. त्याच्याखाली मांस चेंगरतं, आत रक्त साकळतं आणि वरून मात्र सगळं कोरडं, टणक दिसतं. घट्ट्यात काळपट-लालसर ठिपका दिसला तर आत जखम झालेली आहे असंच धरून चाला. तिसऱ्या प्रकारच्या नसा घाम येण्यावर ताबा ठेवतात. त्या बिघडल्या की पायाला घाम येत नाही, कातडी वाळते, टाचेला भेगा पडतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं.

दुसरा बिघाड रक्तवाहिन्यांचा. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त असतं. धडधाकट कातडीला थोडं रक्तही पुरतं. जखम भरायची तर रक्त कितीतरी जास्त लागतं. म्हणून अरुंद वाहिन्यांचा पाय वर्षभर ठीक दिसतो आणि एका ओरखड्यानंतर कोलमडतो. तिसरी गोष्ट, साखर चढलेली असताना पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूंशी नीट लढत नाहीत.

आता पावलाची रचना पाहा, कारण माझ्या मते सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. तळपायाच्या आत स्नायू आणि स्नायुबंध वेगवेगळ्या बंद कप्प्यांत असतात आणि स्नायुबंधांची आवरणं बोटांपासून थेट घोट्याकडे जातात. बोटाच्या बेचक्यातला पू या वाटेने काही तासांत तळव्याच्या मध्यापर्यंत जाऊ शकतो. कप्पा बंद असल्यामुळे सूज आली की आतला दाब वाढतो आणि उरलासुरला रक्तपुरवठाही गुदमरतो. बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत अर्धा तळवा पोखरलेला, असं होतं ते यामुळे.

कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं होतं की बोटं त्या रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही, त्यामुळे माणूस जखमेवरच वापर करत राहतो आणि त्या वापराने बोटं जातात. मधुमेहातल्या मुक्या पायालाही हेच लागू आहे. दुखऱ्या पायाने माणूस लंगडतो आणि लंगडल्यामुळे जखमेला विश्रांती मिळते. आमचे वडील त्या खिळ्यावरून ताठ चालत होते.

पायरी पहिली: रोज रात्रीची दोन मिनिटं

मधुमेह असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला व्रण, म्हणजे लवकर न भरणारी उघडी जखम, होतो असा अंदाज आहे आणि अशा व्रणांपैकी निम्म्याच्या आसपास व्रणांत जंतुसंसर्ग होतो. एवढी जोखीम असताना रोज पाय पाहणं ही दात घासण्यासारखी सवय व्हायला हवी. वेळ ठरवून टाका. झोपण्यापूर्वी, चांगल्या उजेडात, पाय पुसून कोरडे केल्यावर.

नुसतं वरून पाहू नका. प्रत्येक बोटाची बेचकी दोन बोटांनी उघडून पाहा. तिथे पांढरट, भिजल्यासारखी कातडी म्हणजे चिखल्या, आणि चिखल्यांतून जंतू आत जातात. नखांच्या कडा, बोटांची टोकं, चवड्याखालची जागा, टाचेचा मागचा भाग आणि दोन्ही कडा पाहा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. मधुमेहाने डोळ्यांवरही परिणाम झालेला असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या वडिलांना सुरुवातीला मुलीने पाय हातात घेणं फार अवघड वाटायचं. सवय झाल्यावर तीच आमची गप्पांची वेळ झाली.

पाहून झालं की हात फिरवा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर एकाच जागी लावून बघा, कुठे एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं: दोन्ही पायांच्या त्याच ठिकाणच्या तापमानात सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक आला, तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. कातडी फुटण्याच्या आधी ती तापते, म्हणून ही खूण मौल्यवान आहे.

मोजे काढल्यावर तेही उलटे करून पाहा. फिकट रंगाच्या मोज्यावर पू किंवा रक्ताचा डाग लगेच दिसतो. बुटात किंवा चपलेत पाय घालण्यापूर्वी आत हात घालून चाचपायचं. खडा, वर आलेली शिवण, दुमडलेला तळ, खिळा, काहीही असू शकतं. घरातही अनवाणी चालायचं नाही.

संवेदना किती उरली आहे याची एक सोपी चाचणी घरी करता येते. रुग्णाला झोपवून डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक ते दोन सेकंद अगदी हलकासा स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका, त्याच जागी पुन्हा स्पर्श करू नका. दोन्ही पाय मिळून सहा जागा होतात. दोन किंवा त्याहून जास्त जागी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं मानून डॉक्टरांकडून १० ग्रॅम मोनोफिलामेंटची आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची चाचणी करून घ्या. पहिलीत नायलॉनच्या ताराने ठरावीक दाब देतात, दुसरीत कंप कळतो का ते पाहतात. दोन्हीला काही मिनिटंच लागतात.

रक्तपुरवठ्याचं घरी नक्की सांगता येत नाही. थोडं चालल्यावर पोटऱ्या दुखून थांबावं लागणं, पाय गार पडणं, कातडी चकचकीत होऊन केस गळणं या खुणा आहेत. पण बधिर पायात पोटरीचं दुखणंही कळेनासं होतं, त्यामुळे "मला चालताना त्रास होत नाही" यावर विसंबू नका.

पायरी दुसरी: जखम दिसली, आता पहिला तास

हात साबणाने धुवा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करा, वर निर्जंतुक गॉज ठेवा आणि सैलसर पट्टी बांधा. बोटाभोवती चिकटपट्टी गोल आवळून गुंडाळू नका. सूज आली की तीच पट्टी रक्त अडवते.

यापलीकडे घरी काही करायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, कसलीही पूड, लेप, जुनं उरलेलं मलम, काही नाही. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. कातडी भिजून फुटते आणि पाण्याचा चटका कळत नाही. शेक द्यायचा नाही. फोड आला असेल तर फोडायचा नाही. रुतलेलं नख उपटायचं नाही, कुरूप ब्लेडने तासायचं नाही आणि कुरूपावर लावायच्या औषधी पट्ट्या वापरायच्या नाहीत. त्या पट्ट्यांत कातडी जाळणारं आम्ल असतं, आणि बधिर पायाला किती जळलं ते कळत नाही.

मग त्या पायावर भार देणं थांबवा. शक्यतो बसून किंवा आडवं राहा. साखर तपासा आणि आकडा लिहून ठेवा. जखमेचा फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवली तर आकार नंतर ताडून पाहता येतो. जखमेभोवती लाली असेल तर तिची हद्द पेनने आखा आणि बाजूला वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर डॉक्टरांना सांगायला तुमच्याकडे पुरावा आहे. ही साधी पेनाची रेघ आम्हाला त्या वेळी माहीत असती तर दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो असतो.

डॉक्टरांना कधी दाखवायचं? त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. कातडी फुटलेली आहे एवढं कारण पुरेसं आहे. पू येण्याची वाट पाहायची नाही. खिळा, काटा, काच असं काही आत घुसलं असेल तर त्याच दिवशी जाणं आवश्यक आहे, कारण अशी जखम वरून मिटते आणि जंतू खोल आत बंद होतात. बुटाच्या तळातून घुसलेल्या खिळ्याबरोबर स्यूडोमोनास नावाचे जंतू जाऊ शकतात आणि नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यावर चालतीलच असं नाही. म्हणून "खिळा बुटातून घुसला" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा.

पायरी तिसरी: संसर्ग झालाय की नाही, आणि किती

उघड्या जखमेवर जंतू नेहमीच असतात. नुसत्या जंतूंना संसर्ग म्हणत नाहीत. शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठलं की संसर्ग. जगभरचे डॉक्टर यासाठी पाच खुणा पाहतात: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दुखणं, गरमपणा आणि पू. यातल्या किमान दोन असल्या, आणि त्यांचं दुसरं काही कारण नसलं, की संसर्ग धरतात.

लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि फक्त कातडीपुरती असेल तर सौम्य. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पसरली, किंवा खाली स्नायू, स्नायुबंध, सांधा, हाड यांपर्यंत गेली तर मध्यम. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर किंवा अंग ३६ अंशांखाली गार, नाडी मिनिटाला ९० पेक्षा जास्त, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांपैकी दोन गोष्टी असल्या की तीव्र. तीव्र म्हणजे रुग्णालयात भरती.

पण या खुणा फसवतात. बधिर पायात दुखणं नसतं. रक्तपुरवठा कमी असेल तर लाली आणि उष्णता दोन्ही फिकी पडतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही. ती गडद तपकिरी, जांभळट किंवा नुसती चकचकीत दिसते, म्हणून रंगापेक्षा उष्णतेवर आणि दुसऱ्या पायाशी तुलनेवर भर द्या. आणि ताप? पायात गंभीर संसर्ग असूनही अनेकांना ताप येत नाही. आमच्या घरी थर्मामीटर रोज लावला जात होता आणि तो रोज नॉर्मल दाखवत होता. त्या दिवसांत एकच गोष्ट ओरडून सांगत होती: साखर. जेवण तेच, गोळ्या त्याच आणि आकडा मात्र रोज चढता. कारणाशिवाय चढलेली साखर, नवा वास, गळून गेल्यासारखं वाटणं आणि पूर्वी न दुखणारा पाय अचानक दुखायला लागणं, या चार गोष्टींना माझ्या लेखी तापापेक्षा जास्त वजन आहे.

खालीलपैकी काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा:

- लाली किंवा सूज काही तासांत वर सरकते आहे, किंवा पायावर वर जाणारी लाल रेघ दिसते आहे
- कातडी जांभळी, निळी किंवा काळी पडते आहे, किंवा रक्ताळलेले फोड आले आहेत
- दाबल्यावर कातडीखाली चुरचुर, बुडबुडे फुटल्यासारखं लागतं
- सडका वास, तळव्याच्या मध्यावर फुगवटा किंवा दाबल्यावर पू
- हुडहुडी, धाप, गोंधळलेलं बोलणं, लघवी कमी होणं, उलट्या
- पाय अचानक गार आणि पांढरट पडला आहे

चुरचुर लागणं म्हणजे ऊतींत वायू झालेला असू शकतो. मांस भराभर सडवणाऱ्या संसर्गाची ती खूण आहे आणि तिथे तासांचा हिशोब असतो. सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही.

एक वेगळी गोष्टही लक्षात ठेवा. पाय लाल, गरम, सुजलेला आहे पण जखम कुठेच नाही, तर तो शार्को पाय असू शकतो. त्यात बधिर पायाची हाडं आणि सांधे आतून मोडत असतात. याला संसर्ग समजून नुसती अँटिबायोटिक्स दिली जातात, रुग्ण चालत राहतो आणि पावलाची कमान कोसळते. जखम नसलेला गरम, सुजलेला पाय दिसला की त्याच क्षणी चालणं थांबवा आणि डॉक्टरांना थेट विचारा, "हा शार्को असू शकतो का?"

पायरी चौथी: रुग्णालयात काय व्हायला हवं

माझा अनुभव असा की नातेवाइकाला क्रम माहीत असला तर वेळ वाचतो. पट्टी सोडून दोन्ही पाय उघडे करून पाहिले जाणं ही पहिली गोष्ट. मग जखमेतली मेलेली कातडी आणि घट्टा काढून तिची खरी खोली पाहतात. निर्जंतुक बोथट सळईने तळ चाचपतात. कडक, खरखरीत लागलं तर हाडापर्यंत पोचलं आहे. एक्स-रे काढतातच, पण हाडाचा संसर्ग एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका; दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढतात. शंका उरली तर एमआरआय. बोट पूर्ण सुजून गोल, लालसर झालं असेल तर आतलं हाड संसर्गात आहे असा संशय घेतात. रक्ताच्या तपासणीत ईएसआर (शरीरात दाह चालू असल्याचं दाखवणारा आकडा) ७० च्या वर गेला तरी संशय बळावतो.

रक्तपुरवठा मोजणं फार वेळा राहून जातं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली आलं तर धमन्या अरुंद आहेत. मात्र मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब जास्त विश्वासाचा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला तातडीने बोलावलं पाहिजे. रक्त पोचत नसेल तर औषधही पोचत नाही. अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त खाली आणलं की, जो पाय कापावा लागेल असं वाटत होतं तोही पुष्कळदा वाचतो. बोटापलीकडचं काही कापायचं ठरत असेल तर आधी विचारा: "रक्तवाहिन्या तपासल्या का? रक्तपुरवठा वाढवता येईल का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मात्र आत पू साचलेला असेल तर तो आधी काढायचा. रक्तवाहिन्यांचं काम त्यानंतर लगेच.

जंतू ओळखण्यासाठी नमुना जखम साफ केल्यावर तळाच्या ऊतीतून घ्यायला हवा. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे भलतेच जंतू येतात. शक्य असेल तर हा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतात. रुग्ण गंभीर असेल तर औषध थांबवून ठेवत नाहीत.

अँटिबायोटिकबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. संसर्ग नसलेल्या नुसत्या जखमेला ती द्यायची नसतात. त्याने जखम लवकर भरत नाही, फक्त जंतू निर्ढावतात. आणि संसर्ग असेल तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायची नसतात. कातडी आणि मांसाच्या संसर्गाला साधारण एक ते दोन आठवडे, पसारा मोठा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तीन-चार आठवडे. हाडात संसर्ग असून हाड काढलेलं नसेल तर सहा आठवड्यांच्या आसपास. संसर्ग असलेलं हाड काढल्यावरही उरलेल्या टोकात जंतू सापडले तर तीन आठवड्यांपर्यंत. पुवाला आणि मेलेल्या मांसाला मात्र औषध नाही. तिथे रक्तच जात नाही. ते शस्त्रक्रियेनेच काढावं लागतं. "इतकी लवकर चिरफाड कशाला, आधी औषधं देऊन पाहू," असं आम्ही म्हणालो होतो. डॉक्टरांनी ऐकलं नाही, हे आमचं नशीब.

या काळात बऱ्याच रुग्णांना तात्पुरतं इन्सुलिन लागतं. संसर्गात साखर चढते, चढलेल्या साखरेत संसर्ग फोफावतो. हे चक्र तोडायला इन्सुलिन हवं. एकदा घेतलं म्हणजे जन्मभर लागेल, ही भीती मनातून काढून टाका.

गुंतागुंत वाढली तर

हाडाच्या संसर्गाबद्दल वर आलंच. दुसरी भीती गँगरीनची, म्हणजे मांस मरून सडण्याची किंवा सुकण्याची. कोरड्या गँगरीनमध्ये बोट काळं, सुकलेलं होतं, कडा स्पष्ट असते. रक्तपुरवठा सुधारून नियोजनपूर्वक निर्णय घ्यायला थोडा वेळ मिळतो. ओल्या गँगरीनमध्ये सूज, पाणी, वास असतो आणि संसर्ग वर धावतो. तिथे वेळ नसतो. कोरडं बोट ओलं होऊ लागलं तर लगेच रुग्णालय गाठा. संसर्ग रक्तात पसरला की रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडं थांबू लागतात. मग प्रश्न पायाचा राहत नाही, जिवाचा होतो.

एखादं बोट काढावं लागणं म्हणजे हरणं नाही. संसर्ग असलेलं बोट वेळेवर काढल्याने पाऊल वाचतं. गुडघ्याच्या आसपास पाय कापावा लागणं मात्र फार जड जातं. त्यानंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, कारण जो रोग पायाच्या रक्तवाहिन्यांत असतो तोच हृदयाच्याही असतो. म्हणून पायाला व्रण झाला की हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायची, आणि तंबाखू, सिगारेट त्याच दिवशी बंद.

पायरी पाचवी: भार काढणं आणि ड्रेसिंग

तळव्यावरची जखम भरत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रुग्ण तिच्यावर चालतो. ड्रेसिंग कितीही महागाचं असो, त्यावर शरीराचं वजन पडत असेल तर उपयोग नाही. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट. काढता येणारे बूटही चांगले असतात, पण लोक ते घरात काढून ठेवतात. "बाथरूमपर्यंतच गेलो" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. रोजच्या दहा फेऱ्या म्हणजे जखमेवर शंभरावर पावलं. खोल संसर्ग चालू असताना किंवा रक्तपुरवठा फारच कमी असताना बंद प्लास्टर घालत नाहीत; मग कुबड्या, व्हीलचेअर, खाट.

ड्रेसिंग करताना जुनी पट्टी चिकटली असेल तर सलाइनने भिजवून सोडवा, ओढू नका. काढलेल्या पट्टीचा रंग आणि वास रोज पाहा. जखमेचा तळ ओलसर, लाल, दाणेदार दिसला तर ठीक; पिवळट-करडा थर किंवा काळी खपली दिसली तर साफसफाई लागणार. कडेला पुन्हा घट्टा वाढत असेल तर तो नियमित तासून घ्यावा लागतो, पण तज्ज्ञाकडूनच. आठवड्यातून एकदा त्याच अंतरावरून फोटो काढून लांबी-रुंदी लिहा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर काहीतरी राहून गेलं आहे: रक्त, हाड, भार किंवा साखर. तेच ड्रेसिंग आणखी महिनाभर चालू ठेवू नका, कारण शोधायला लावा.

पायरी सहावी: भरलेली जखम

जखम भरली त्या दिवशी घरात सुटकेचा श्वास सोडला जातो आणि तिथेच सैलपणा येतो. भरलेल्या व्रणांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात परत येतात, पाच वर्षांत ६५ टक्क्यांच्या आसपास. ज्या दाबामुळे जखम झाली तो दाब तिथेच असतो, आणि वरची नवी कातडी जुन्यापेक्षा कमजोर असते.

म्हणून पादत्राणं. पायाच्या मापाचा साचा घेऊन केलेला तळ, बोटांना वर-खाली जागा असलेला पुढचा भाग, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर मोकळी जागा, आत टोचणारी शिवण नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवे बूट पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला आणि काढून लगेच पाय पाहा. बधिर पायाला घट्ट बूटच "बरोबर" वाटतो, कारण सैल बूट जाणवतच नाही. माप जाणिवेवर सोडू नका.

नखं सरळ कापा, कोपरे खोल खणू नका, टोकं कानशीने घासा. टाचांना आणि तळव्यांना रोज साधं मलम लावा, पण बोटांच्या बेचक्यात नाही. पाण्याची उष्णता कोपराने किंवा थर्मामीटरने पाहा, ३७ अंश सेल्सियसच्या खाली हवी.

संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर पायाची तपासणी वर्षातून एकदा पुरते. यांतलं एक बिघडलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बदललेला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी व्रण झाला असेल, बोट काढलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. या तपासणीला जाताना रोजच्या वापरातले बूट आणि घरातल्या चपला पिशवीत घालून बरोबर न्या. आतला तळ कुठे जास्त झिजलाय, कुठे खळगा पडलाय, हे पाहून पुढचा व्रण कुठे होऊ शकतो ते तज्ज्ञाला कळतं, आणि तो होण्याआधी तिथला तळ बदलता येतो.